सुंदराबाईंच्या डोक्यातली गाठ

गिरगावातली मृणालिनी परळच्या एका इस्पितळात डॉक्टरकी शिकत होती. मेंदूच्या तासाला ती नेहमी पहिल्या बाकावर बसे, त्याला कारण होतं. माहीमच्या तिच्या बेबीमावशीला इतर कुणालाच न येणारी दुर्गंधी येई, म्हणून घरच्यांनी तिला झपाटलेली ठरवून मागच्या खोलीत कोंडलं होतं. मावशी तिथंच वारली. तिला नेमकं काय झालं होतं, ते मृणालिनीला कुणाकडून तरी समजून घ्यायचं होतं.

ते समजावलं डॉ. धैर्यवानांनी. राग, भीती, किळस ही मेंदूच्या घड्यांतून धावणाऱ्या विजेची कामं आहेत, असं ते शिकवत. वासाची जागा आणि भीतीची जागा तर अगदी शेजारी शेजारी. तिथं गाठ झाली की माणसाला नसलेली दुर्गंधी येते, आणि पाठोपाठ काही कारण नसताना घाम फुटतो. हे ऐकताना मृणालिनीला हलकं वाटे. मावशीला भूतबीत काही लागलं नव्हतं तर.

अशीच एक रोगी बायकांच्या वॉर्डात होती. लालबागच्या चाळीतल्या सुंदराबाई. संयुक्त महाराष्ट्रासाठी लोक रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, कर्फ्यू लागला, त्या दिवसांत मृणालिनीला घरी जाता येईना. दुपारभर ती त्यांच्या खाटेपाशी बसे. झटका येण्याआधी सुंदराबाई एकदम गप्प होत. मग ओठ चपाचपा हलू लागत, जसं तोंडात काही चिकट आलंय आणि गिळवत नाही. हनुवटीवरून लाळेची तार लोंबे. बोटं घशात घालून त्या काहीतरी ओढून काढू बघत, आणि उबळ ओसरली की "ती इली…" एवढंच पुटपुटत. ती कोण, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

एकदा मृणालिनीनं त्यांच्यापाशी बसून सगळं सोप्या शब्दांत सांगितलं. हा वास खरा नाही, डोक्यातल्या गाठीमुळे भासतो, इथं दुसऱ्या कुणालाच येत नाही. सुंदराबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मगे बाय," त्या हळूच म्हणाल्या, "तू नाकाक पदर कित्याक लावलंस…?"

मृणालिनीनं खाली पाहिलं. पदराचा बोळा तिच्याच मुठीत होता, नाकाशी गच्च दाबलेला. आणि वास येत होता. खवट तेलाचा, तुंबलेल्या मोरीचा, आणि त्याच्या खाली गोडसर, कुजलेलं काहीतरी. तो येऊन जिभेवरच बसला. बाहेर धावत जाऊन ती पोटातलं सगळं ओकली. ऐकून ऐकून मनानं घेतलं असेल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. पण त्या दिवसापासून भाताचा घास तिच्या तोंडात फिरू लागला.

सुंदराबाई पुढं फार दिवस काढू शकल्या नाहीत. पुतण्यानं परवानगी दिली, आणि त्यांचा मेंदू काढून फॉर्मलिनमध्ये ठेवला गेला. शिमग्याच्या सुमाराला, एका लख्ख सकाळी, डॉक्टरांनी तो मुलांसमोर कापला. सुरी आत शिरली तशी लोण्यासारखी पिवळट घाण बाहेर आली, आणि तिच्यातून केसांचा पुंजका. लांब, काळेभोर केस. सुंदराबाईंचं डोकं तर पांढरंफेक होतं.

मुलं मागं सरकली. धैर्यवान मात्र खुशीत होते. आईच्या पोटात असतानाच कातडीचा कण आत अडकतो आणि त्याला असे केस फुटतात, पुस्तकात हे सगळं आहे, असं त्यांनी सांगितलं. पुंजका धुवायचं काम मृणालिनीकडे आलं. ओठ आवळून तिनं तो नळाखाली बोटांनी मोकळा केला. केसाकेसाला ओशट तेल होतं. साबण लावून लावून हात लाल झाले, तरी बोटांवरून ते जाईना, आणि वासही तोच. मग डॉक्टरांनी पुंजका काचेच्या बरणीत सोडला आणि झाकणाला लाख लावून ते बंद केलं.

काही दिवसांनी पुंजक्याचं चित्र काढायला म्हणून मृणालिनीनं बरणी खिडकीपाशी धरली. मग तशीच ती खाली ठेवून तिनं डॉक्टरांना बोलावून आणलं.

केसांची वेणी घातलेली होती. घट्ट, तिपेडी.

धैर्यवानांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. कुण्या विद्यार्थ्याचा चावटपणा असणार, असं म्हणत त्यांनी झाकण सगळीकडून चाचपलं. लाख कुठंही तडकलेली नव्हती.

"तू… तू तर ते मोकळे केले होतेस ना?" त्यांनी विचारलं.

"हो, नळाखाली," मृणालिनी म्हणाली. तिची नजर वेणीच्या टोकाशी खिळली होती. तिथं बोटभर केस अजून विणायचे राहिले होते, आणि त्यांचे तीन पेड वेगवेगळे ताणून धरलेले होते.