मागून सांगणारी

त्या दिवशी हिरो आलाच नाही, म्हणून ही गोष्ट घडली.

पाथर्डीजवळच्या एका गावात सूर्यभान नावाचा हौशी दिग्दर्शक यूट्यूबसाठी प्रेमाची मालिका काढायचा. कॅमेरा त्याचा, नायिका सिमरन आणि संवाद ज्ञानेश्वरीचे. ऐनवेळी हिरोचं पोट बिघडलं, आणि सूर्यभानची नजर पडली ती मंडळींना घेऊन आलेल्या जीपच्या ड्रायव्हरवर. कानिफनाथ बोनेटला टेकून निवांत बोरं खात होता.

"मला न्हाई बोलता येत," तो म्हणाला.

"तुला कुठं डोकं लावायचंय? ज्ञानेश्वरी कॅमेऱ्यामागून सांगंल, तू तसंच म्हनायचं. तिचा आवाज मी नंतर काढून टाकतो."

कानिफने ही आज्ञा शिरसावंद्य मानली... जरा जास्तच! पहिल्याच सीनमध्ये ज्ञानेश्वरी वैतागून कुजबुजली, "अरे, बोर थुंक आधी!" आणि त्याने सिमरनचा हात हातात घेऊन, डोळ्यांत प्राण आणून म्हटलं, "अरे... बोर थुंक आधी!" सूर्यभान हसता हसता ज्वारीतच बसला.

एका दिवसापुरता उभा राहिलेला हा गडी मग हिरोच झाला. 'तुझ्याशिवाय स्वतःचा श्वाससुद्धा परका वाटतो,' असं तो म्हणायचा आणि मोबाईलवर बघणाऱ्या पोरी विरघळायच्या. वाक्य ज्ञानेश्वरीचं. नजरही तिच्याचकडे, सिमरनच्या खांद्यावरून थेट कॅमेऱ्यामागे. पुढचा शब्द टिपायला तो आपल्या ओठांकडे बघतो, हे तिला कळत होतं. कळूनही कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या, त्याला ती बिचारी काय करणार?

शूटिंग संपलं की तो तिला घरी सोडायचा.

"एवढं कोन बोलतं गं?" एकदा त्याने विचारलं.

"पिक्चरमध्ये बोलतात."

"एवढं बोलंस्तोवर पोरीची यष्टी निघून जाईल की!"

"मग समोर खरीच कुणी असली, तर तू काय म्हणशील?"

त्याने उगाच गिअर बदलला. "कुनी मागून सांगितलं तर... म्हनंल कायतरी."

ती खिडकीकडे तोंड करून हसली. पण मनात कुठंतरी खुपलंच. लहानपणापासून पिक्चर बघून तिचं पक्कं मत झालं होतं, की ज्याला सांगता येत नाही त्याचं प्रेमच नसतं. आणि इकडे रविवारी शेवगावचे पाहुणे तिला बघायला येणार होते. आईने साडी काढून ठेवली होती. कानिफला हे ठाऊक होतं... तरी तो गप्पच!

शुक्रवारी पावसाचा सीन होता. माघातला पाऊस म्हणजे कांद्याच्या वावरातले स्प्रिंकलर, आणि लाईट जायच्या आत सगळं उरकायचं. सर्दीने बेजार सिमरन म्हणाली, "मी नाय भिजणार." मग तिची ओढणी घेऊन ज्ञानेश्वरीच कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी राहिली.

पाणी सुरू झालं. गार तुषारांनी अंगावर काटा आला. कानिफच्या पापण्यांवर थेंब थरथरत होते. ती हळूच सांगत होती, तो म्हणत होता. लिहिलेलं संपलं, तरी तिचे ओठ थांबेनात.

"रविवारी नाही म्हण..." ती पुटपुटली. "तू माझी आहेस."

"रविवारी न्हाई म्हन..." त्याचा आवाज कापरा झाला. "तू माझी हायेस."

तेवढ्यात लाईट गेली. पाऊस थांबला.

"मधीच रविवार कुठनं आला रे?" सूर्यभान ओरडला.

ज्ञानेश्वरी ओल्या कपड्यांनीच जीपमध्ये जाऊन बसली. कानिफ मागोमाग आला.

"ते शब्द माझे होते, कानिफ. 'बोर थुंक'सुद्धा तू असंच म्हटलं होतंस. मला कसं कळावं?"

तो बोलायला गेला... आणि सवयीने त्याची नजर तिच्या ओठांवर गेली. तिने ओठ घट्ट मिटून घेतले. शेवटी त्याने आपला कोरडा टॉवेल तिच्या खांद्यावर टाकला आणि जीप सुरू केली. घर येईपर्यंत ती मुसमुसत राहिली आणि तो गाडी हळू हाकत राहिला.

रविवारी पाहुण्यांच्या आधीच दारात ओळखीचा हॉर्न वाजला. कानिफ आपल्या आईला, मालनबाईंना घेऊन आला होता. इस्त्रीचा शर्ट घालून तो ज्ञानेश्वरीच्या वडिलांसमोर, आबासाहेबांसमोर, सतरंजीच्या टोकावर बसला. घाम पुसला. खाकरला. पुन्हा घाम पुसला.

स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या ज्ञानेश्वरीचे ओठ आपोआप हलू लागले. पण हा गडी तिकडे बघेचना!

"आबा, मला बोलता येत न्हाई," तो सतरंजीकडे बघत म्हणाला. "पाव्हनं येनार म्हनून कळलं तवापासनं जेवन ग्वाड लागंना. जीप हाय, आई हाय, दोन एकर कोरडवाहू हाय. आन् ज्ञानेश्वरीवर लई जीव हाय. बास... येवढंच हाय."

आबासाहेब दाराकडे वळले. "तुझं काय म्हननं हाय गं?"

पानंच्या पानं प्रेम लिहिणाऱ्या ज्ञानेश्वरीला एकही शब्द सुचेना. तेव्हा कानिफने मान वर केली, तिच्याकडे पाहिलं आणि आवाज न करता नुसते ओठ हलवले... 'व्हय म्हन.'

"व्हय," ती म्हणाली. मग डोळे पुसत हसली. "आणि आबा, त्यानं मागून सांगितलं म्हणून नाही हं. माझं मलाच म्हणायचं होतं."

आबासाहेबांनी चष्मा लावला आणि मोबाईलमध्ये शेवगावचा नंबर शोधायला घेतला.