ढोलात लपलेला पैलवान

ऑक्टोबरातली दुपार कलली तसं आभाळ काळंकुट्ट झालं, एकदाच कडाडलं... आणि पट्ट्यातून मान सोडवून पैलवान पळाला!

पैलवान म्हणजे आमचा कुत्रा. अंगानं दांडगा, पण ढग वाजला की त्याचं पार पाणी पाणी व्हायचं. गंगावेशच्या गर्दीत तो एका बसच्या अगदी पुढून निसटला. मी "पैलवान! पैलवान!" ओरडत मागं. तालमीतून निघालेले दोन खरे पैलवान वळून बघायला लागले. शेवटी तो ढोल दुरुस्त करायच्या एका दुकानात शिरला.

आत एक तरुण ढोलाची दोरी आवळत बसला होता. मला बघून त्यानं ओठांवर बोट ठेवलं आणि नजरेनंच कोपरा दाखवला. तिथं कातडं न चढवलेला रिकामा ढोल आडवा पडला होता. त्यातून एक शेपूट बाहेर आलेलं... थरथरत.

"आवाजाला भिऊन हा ढोलात शिरला?" मी धापा टाकत म्हणाले.

"ओढू नका त्येला. बसा की. पाऊस थांबला की त्येचं त्यो येईल भाईर."

माझ्या केसांतून पाणी निथळत होतं. त्यानं खुंटीवरचा टॉवेल काढला, वास घेऊन बघितला, गुपचूप परत ठेवला... आणि आतून धुतलेला आणून दिला. मला हसू आवरेना.

"नाव काय तुमचं?"

"सम्राट."

"अरे वा! आणि राज्य?"

त्यानं भिंतीवरच्या ढोलांकडं हात केला. "हे एवढं. प्रजा लई आवाज करती."

घरी मात्र माझ्या वडलांनी, आण्णांनी, बसची गोष्ट ऐकली आणि ते खाली बसले. मागच्या वेळी पैलवानाच्या मागं धावताना ते घसरून पडले होते. मनगट अजून ठणकत होतं.

"बास झालं, तेजस्वी. परत पळाला की गारगोटीला आक्काकडं सोडतो त्येला. गाडीखाली गेल्याला बघवंल तुला?"

आवाजात राग कमी, भीतीच जास्त. भांडणार तरी कशी?

प्राण्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, वीज कडाडायला लागली की खिडक्या लावून आतल्या खोलीत घ्या, रागावू नका, काहीतरी एकसारखा आवाज चालू ठेवा. आणि एरवी, आभाळ मोकळं असताना, गडगडाटाची हळूहळू सवय लावा... अगदी बारीक आवाजापासून, आवडीचं खायला देत.

मी परत त्या दुकानात.

"गडगडाट मिळेल का?" मी विचारलं. "बारीक?"

"मोठा सगळीच मागत्यात," तो हसला. "बारीक मागणारं गिऱ्हाईक पयलंच."

मग रोज संध्याकाळी दुकान बंद करून तो ढोल घेऊन आमच्या अंगणात यायला लागला. आधी नुसती बोटाची टोकं फिरवायचा. मी उकडलेल्या अंड्याचे तुकडे पैलवानाला भरवायची. आवाज जरा चढला आणि पैलवान उठून उभा राहिला, की सम्राट तिथंच थांबायचा. परत पहिल्यापासून.

"कंटाळा नाही येत तुला?" एकदा मी विचारलं.

"न्हाय. भित्र्या जिवाला घाई करून चालत न्हाय." तो पैलवानाकडं बघत म्हणाला. मग हळूच माझ्याकडं. "मला बी जरा येळ लागतोय..."

"कशाला?"

उत्तराऐवजी ढोलावर थाप पडली, जरा जास्तच जोरात. पैलवान दचकला. आणि मीही.

आण्णा पेपराआडून सगळं बघत होते.

तो दिवस आलाच. दातांच्या दवाखान्यात मी रिसेप्शनला बसते. सुट्टी व्हायच्या वेळेलाच वीज कडाडली, खिडकीची काचसुद्धा हादरली. घरी आण्णा एकटे! फोन लावला, तर व्यस्त. परत व्यस्त. दुखरा हात, दांडगा कुत्रा, उघडं दार... डोळ्यांपुढं नाही नाही ते यायला लागलं. भर पावसात गाडी दामटली.

दार आतून बंद होतं. कडी वाजवायला हात उचलला, आणि आतून आवाज आला... धुम्... धुम्... धुम्...

कडी न वाजवताच मागच्या दारानं आत गेले. मधल्या खोलीत आण्णा जमिनीवर बसून चांगल्या हातानं तांदळाचा डबा वाजवत होते. पैलवानाचं डोकं त्यांच्या मांडीवर. अंग थरथरत होतं. पण तो पळाला नव्हता. शेजारी ठेवलेल्या फोनमधून ढोल ऐकू येत होता. त्याच लयीत.

"त्या पोराला फोन लावला," आण्णा कुजबुजले. "कसं वाजवायचं ते सांगतोय की मघापासनं."

बाहेर पुन्हा कडाडलं. पैलवानानं मान उचलली, आमच्याकडं बघितलं, परत टेकवली.

मी फोन उचलून ओसरीवर गेले. ढोल थांबला.

"आण्णा? बसून ऱ्हायला न्हवं का त्यो?... आन् ती पोचली का घरी? लई भिजली असंल. मला तिचीच जास्त काळजी लागून ऱ्हायलीय, आण्णा... रागावू नका, पर—"

"आण्णा आत आहेत," मी म्हणाले.



"...तेजस्वी?"

"हं."

"ऐकलंस व्हय सगळं?"

"अर्धंच. पुढचं सांग की."

"आवडतीस तू मला," तो एका दमात म्हणाला. "आता पैलवान न्हाय पळत. माझं येणं बंद हुईल, ह्याची भीती वाटतीय बघ."



"मला पण वाटते," मी म्हणाले. "तीच भीती."

तेवढ्यात आतून आण्णांचा आवाज चढला, "त्येला म्हणावं, पाऊस थांबला की जेवायलाच ये! आन् ढोल तिथंच ठेवून ये, वाजवून ह्यो हात बी दुखला माझा!"