मांडवाला जागा नाही

"पाय उचला… डेलिया आहे तो."

स्वानंद एका पायावर तसाच थांबला. मंठ्यात त्यानं नुकताच मंडपाचा धंदा सुरू केला होता. नरहररावांच्या अंगणाचं माप घ्यायला तो सकाळीच आला, तर तिथं खांब रोवायलाही जागा नव्हती. दवानं वाकलेली पिवळी-पांढरी शेवंती, तळहाताएवढे डेलिया, भिंतीलगत जांभळे अ‍ॅस्टर… आणि त्या सगळ्यांच्या मधोमध शाल गुंडाळून उभी असलेली त्यांची लेक शरयू.

"असेच उभे राहणार का?"

"तुम्ही जागा दाखवेपर्यंत."

तिला हसू आलं — आणि हसल्याचा रागही.

साखरपुडा कुणाचा, असं त्यानं विचारलं. तिनं स्वतःकडे बोट दाखवलं. त्यानं हळूहळू टेप गुंडाळला.

"तुम्हाला करायचाय का?"

घरात हे कुणी विचारलंच नव्हतं. मुलगा पुण्यात मोठ्या पगारावर होता. शरयूनं दवाखान्यातली नोकरी सोडायची, हेही थोरांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. तिच्या नकाराला सगळे लाजणं समजले होते.

"न्हाई," ती म्हणाली.

ही बाग उपटून मी मंडप टाकणार नाही, असं स्वानंदनं नरहररावांना तोंडावर सांगितलं. त्यांनी त्याला घालवून दिलं. तरी तो येत राहिला. शरयू दवाखान्यात निघाली, की फाटकाशी हजर… आईसाठी शेवंतीची रोपं हवीत म्हणायचा.

"इतकी रोपं लावता तरी कुठं?" तिनं एकदा विचारलं.

"लावून राह्यलो ना… जागा पुरंना, तरी येऊन राह्यलो."

त्या दिवशी दवाखान्यात तिचं कशातच लक्ष लागलं नाही.

साखरपुडा तोंडावर आला, तसा नरहररावांनी बाग साफ करायला गडी बोलावला. त्यानं कुदळ उचलली आणि शरयू सरळ ओल्या वाफ्यात जाऊन बसली. गडी थबकला. शेजारच्या केशरबाई भिंतीवरून बघायला लागल्या. शरयूनं तिथूनच मुलाच्या घरी फोन लावला. मला हे लग्न करायचं नाही, चूक तुमची नाही, पण येऊ नका, असं तिनं शांतपणे सांगितलं.

नरहररावांचा चेहरा उतरला. "कोण आहे मनात?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

शरयूनं फाटकाकडे पाहिलं. स्वानंद नेहमीसारखा आला होता.

"हे," ती केशरबाईंनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली.

स्वानंदचे कान लाल झाले. "मला तर आत्ताच कळून राह्यलंय, काका… पण माझं तर पहिल्या दिवसापासून हेच हाय."

नरहरराव आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. कितीतरी दिवस ते लेकीशी बोलले नाहीत. पण गड्याला त्यांनी पुन्हा बोलावलं नाही.

उन्हाळ्याआधी दोघांनी नोंदणी करून लग्न केलं. नरहरराव उशिरा आले आणि मागच्या बाकावर बसले. साक्षीदाराची सही करायची वेळ आली, तेव्हा शरयूनं पेन कुणाच्याच हाती दिलं नाही. ती चालत मागे गेली आणि ते वडिलांपुढे धरून उभी राहिली.

"बाबा, तुम्ही करा. मी थांबते."

मग त्यांनी चष्मा काढून पुसला… आणि हात पुढे केला.