पाचवा शब्द

दीनाबाईंनी दुधाच्या कॅनच्या झाकणावर दोनदा पळी आपटली की चौघांनी जेवण टाकून उठायचं. स्वयंपाकघराच्या भिंतीत कपाटासारखा एक बिछाना होता. त्यात शिरायचं, मागची फळी सरकवून पलीकडच्या अंधारात बसायचं आणि फळी आतून ओढून धरायची. आठवड्यातून दोनदा हा सराव चाले. जर्मनांपासून लपत विंटर्सवाइक या डच गावाजवळच्या दीनाबाईंच्या शेतघरात येऊन यूडिकला चौदा महिने झाले होते. पहिल्या महिन्यात झाकण वाजलं की तिला रडू फुटे. आता ती तोंडातला बटाटा चावत चावतच आत जाई.

आत बसल्यावर तिचे सासरे लेव्ही प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून मोजदाद करत. ज्यू घरात माणसं आकड्यांनी मोजत नाहीत, दृष्ट लागते. म्हणून प्रार्थनेचं एक वचन घ्यायचं आणि माणसागणिक एकेक शब्द म्हणायचा. लेव्ही स्वतः, मुलगा हार्तोख, सून यूडिक, नऊ वर्षांची नात सिपोरा. चार शब्द.

जानेवारीतल्या एका सरावात वचन पाचव्या शब्दावर थांबलं.

"बाबा, एकाच डोक्यावर दोनदा हात फिरवलात," हार्तोख म्हणाला.

"एवढा म्हातारचळ लागला नाही मला. तूच मोज की."

हार्तोखचेही पाच झाले. पुढे दर वेळी पाचच. आत ओल्या लोकरीचा वास येऊ लागला, ओलं मात्र कुणीच नसे.

"ती माझ्या पाठीला पाठ लावून बसते," सिपोरा एकदा पाव खाता खाता म्हणाली. "माझ्यासारखीच घरघरते."

यूडिकने पुढे विचारलं नाही. तिला भीती एकच होती, सिपोराच्या डांग्या खोकल्याची. दीनाबाईंना मूलबाळ नाही हे गावभर ठाऊक होतं. पोलीस घरात असताना भिंतीतून पोराचा खोकला आला, तर सगळे संपले, दीनाबाईसुद्धा. भुताखेतांसाठी तिच्याकडे भीती उरलीच नव्हती.

पण मंगळवारच्या सरावात पुन्हा पाचवा शब्द आला, तेव्हा ती वैतागली. बोटांनी चाचपत तिने स्पष्ट म्हटलं, "एक, दोन, तीन, चार. चारच आहोत. झालं समाधान?"

"आकडा घेतलास, पोरी?" लेव्ही म्हणाले.

गुरुवारी सकाळी अकराला झाकण वाजलं. चार-पाचदा, घाईघाईने.

फळी लागली. पलीकडे बूट वाजले.

"बघा की!" दीनाबाईंचा आवाज आला. "मी काय इथे हत्ती लपवलाय?"

सिपोराच्या छातीत खोकला दाटून आला. यूडिकचे दोन्ही हात फळीला होते. आता संपलं, असं तिला वाटलं, आणि तेवढंच वाटलं.

खोकला थांबला.

मग तो बाहेर ऐकू आला. अंगणात, कोंबड्यांच्या खुराड्यापाशी.

बूट तिकडे धावले. कोंबड्या ओरडल्या.

"आई!"

एकच हाक. हा आवाज यूडिकने हजारांत ओळखला असता. फळी सोडली तर आतले सगळे जातील, हेही तिला कळत होतं. तिच्या खांद्यावर एक लहानसं डोकं शांतपणे टेकलेलं होतं.

तिने फळी सोडली नाही.

गाडी निघून गेल्यावर दीनाबाईंनी बिछान्याचं दार उघडलं. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"सिपोराला नेलं हो! खिडकीतून पाहिलं मी. कुणाची पोर म्हणून विचारलं, मी ओळख दिली नाही. मला माफ..."

त्या थांबल्या. हार्तोखच्या मागून मुलगी बाहेर येत होती.

"मग नेली ती कोण?"

लेव्हींनी एकेका डोक्याला स्पर्श करत वचन म्हटलं. ते चौथ्या शब्दावर थांबलं.

दिवसभर मुलगी एकदाही खोकली नाही. संध्याकाळी यूडिक तिचे केस विंचरायला बसली. सिपोराचा भांग जन्मापासून डावीकडे पडायचा, कितीही वळवला तरी. कंगवा फिरला आणि केस आपोआप उजवीकडे वळले.

"झालं का, आई?" मुलीने विचारलं.

"झालं हं," यूडिक म्हणाली आणि वेणी घालू लागली.