दोघांची हमी

चाकणच्या आमच्या फ्लॅटमधली मोठी खोली कुलुपात होती आणि आम्ही नवराबायको लहान खोलीत अंग चोरून झोपत होतो.

मी धनेशची दुसरी बायको. पहिलीशी, नीलिमाशी, घटस्फोट झाला तेव्हा त्यानं राजगुरुनगरच्या कोर्टात हमी दिली होती, की ती माणूस पाठवून सामान नेईपर्यंत तिची खोली उघडणार नाही. बदल्यात तिनंही हमी दिली, या घरात पाऊल ठेवणार नाही. सामान न्यायच्या आधीच ती आजारपणात गेली. तरी धनेश येता-जाता त्या दाराकडे बघायचा. जळत होते मी, खोटं कशाला बोलू!

शेवटी वकील सुमनताईंना गाठून धनेशच्या नावानं अर्ज केला. जजसाहेब म्हणाले, "यांना हमीतून मोकळं करायचं तर दोघांनाही करावं लागेल. अटी एकमेकींवर अवलंबून आहेत."

सुमनताई माझ्याकडे वळल्या. "काय सांगू?"

"करा म्हणावं की! ती कुठे येतेय आता?"

धनेश मान खाली घालून उभा होता.

खोलीत होतं काय? शिलाई मशीन, गादी, चार साड्या. सगळं तिच्या भावाकडे पोचवलं, फरशी पुसली, आमचा पलंग आत घेतला. जिंकले बाई, म्हटलं.

मी डावखुरी. मीठ-मसाल्याचे डबे गॅसच्या डावीकडे ठेवते. दुसऱ्या दिवशी कंपनीतून आले तर डबे उजवीकडे. मी हलवले. पुन्हा उजवीकडे. मी क्वालिटीत काम करते, असलं माझ्या नजरेतून सुटत नाही. ओट्यावर दोन कप धुऊन पालथे घातलेले.

"कोण आलं होतं?"

"कुणी नाही. मीच ठेवले असतील."

लग्न झाल्यापासून या माणसानं स्वतःचा कप कधी विसळला नव्हता. आणि हल्ली तो शीळ घालत होता. माझ्यासाठी कधी घातली नाही मेल्यानं.

रविवारी मुद्दाम त्याला घेऊन चऱ्होलीला नणंदेकडे गेले. कुलूप मी लावलं. किल्ली माझ्या पर्समध्ये.

संध्याकाळी परतलो. जिन्यातच फोडणीचा वास आला.

कुलूप काढलं. दार ढकललं. हललं नाही.

आतून कडी होती.

मी धनेशचा हात घट्ट धरला. तो त्यानं हळूच सोडवून घेतला, केसांवरून फिरवला, शर्ट नीट केला.

"तू जरा मागे उभी राहा," म्हणाला, आणि त्यानं बेल वाजवली.