दोघांचा नियम

यंत्रांच्या दालनात एकट्यानं जायचं नाही, हा नियम आंके हेल्विग त्या विमा कंपनीत लागली त्याच्याही आधीचा. आत कुणाला विजेचा झटका बसला, पाय घसरून डोकं आपटलं, तर ओढून बाहेर काढायला दुसरं माणूस हवं. दोघं आत गेली की बाहेर दोघंच यायची. फ्रांकफुर्टच्या पूर्वेला, माइन नदीकाठच्या त्या बिनखिडक्यांच्या इमारतीत माणसाच्या जिवाची काळजी करणारी एवढी एकच गोष्ट शिल्लक होती.

मग साहेबलोकांना बुद्धिमान यंत्रं हवीशी झाली. शेजारच्या कंपनीकडे आहेत ना, मग आपल्याकडे पाहिजेतच! संगणकांची जुनी कपाटं भंगारात गेली. नवी इतकी जड की आधी फरशी मजबूत करावी लागली, आणि इतकी तापट की पंख्यांना आवरेनात, म्हणून त्यांच्या पोटातून पाण्याच्या नळ्या फिरवल्या. या सगळ्यात पैसा पाण्यासारखा गेला आणि तो भरून काढायला माणसं काढली. आंकेचा दालनातला जोडीदार रोल्फ याच्या हातात फुलांचा गुच्छ आणि वाईनची बाटली दिली, झालं.

राहिली एकटी आंके, आणि राहिला नियम. तो मोडता येईना, कारण विमा कंपनीचाही कुणीतरी विमा उतरवलेला असतो. तेव्हा डॉक्टर टिलमन नावाच्या तिच्या तरुण साहेबानं डोकं चालवलं. दालनाचा कारभार बघणारी नवी यंत्रणा सगळं बघते, ऐकते, वेळ पडली तर रुग्णवाहिका बोलावते. मग तीच दुसरी व्यक्ती. तिच्या नावाचा पास निघाला. फोटोची चौकट कोरी.

दालनाच्या तोंडाशी काचेचा गोल उभा पिंजरा होता. एका वेळी एकच माणूस, खालची फरशी वजन करणार, मागची काच बंद झाल्यावर पुढची उघडणार. नियमाला आत जाणारी दोन माणसं हवीत म्हणून आंके आत गेली की पिंजरा मागून एकदा रिकामाच फिरायचा. पहिल्या दिवशी चौकीवरचा यालचिन हसून हसून खुर्चीतून पडायला आला होता.

"आंके, पाहुणे आलेत गं मागून! खुर्ची दे त्यांना!"

नंतर सवय झाली. कशाचीही होते.

त्या शुक्रवारी तिला एका नळीचा सांधा बदलायचा होता. थेंब थेंब गळत होतं. काम किरकोळ, पण दुपार अर्धी उलटून गेली होती आणि साडेचारला तिला वडिलांना आणायचं होतं. एवाल्ड हेल्विग, वय ब्याऐंशी, दिवसभर बोर्नहाइममधल्या वृद्धांच्या केंद्रात असत. गेल्या आठवड्यात तिथल्या कोल्बबाईंनी तिला बाजूला घेतलं होतं. "दोनदा उशीर झालाय. तिसऱ्यांदा झाला तर जागा दुसऱ्याला द्यावी लागेल हो. बाहेर रांग लागलीय." जागा गेली की नोकरी सोडून घरी बसायचं. मग भाडं कोण देणार, टिलमन?

"चारला बाहेर येते," ती यालचिनला म्हणाली.

"ये की. माझीही आज लवकर सुट्टी. रात्रीचा पहारेकरी काढला ना त्यांनी. मी गेलो की चौकीसुद्धा तुझा जोडीदारच बघणार."

ती आत गेली. मागून पिंजरा रिकामा फिरला.

पूर्वी या दालनात पंख्यांचा असा कल्लोळ असायचा की कानात बोळे घालावे लागत. आता नुसती पाण्याची सळसळ, भिंतीआड कुणी आंघोळ करत असल्यासारखी. हवा कोमट. गरम प्लॅस्टिकचा वास. दिवे माणसाच्या चाहुलीवर लागत. आंके ज्या रांगेत, तेवढीच रांग उजळे, बाकी दालन काळोखात.

ती गुडघ्यावर बसून सांधा सोडवत होती तेव्हा शेजारच्या रांगेतला दिवा लागला.

तिनं मान वळवून पाहिलं. कपाटांच्या फटींतून पांढरा उजेड येत होता. थोड्या वेळानं तो विझला. नवं सामान, सोमवारी तक्रार टाकू, असं म्हणून तिनं पान्याला जोर दिला. मग फरशी करकरली. जड माणसानं या पायावरचा भार त्या पायावर घ्यावा, तशी.

सांधा बसला. तिनं हत्यारं गोळा केली. चालताना तिला वाटलं, आपण उगाच भराभर चालतोय.

पिंजऱ्याची काच उघडेना. काचेवरच्या पट्टीवर लाल अक्षरं आली: *दुसऱ्या व्यक्तीची वाट पाहा.*

एरवी ती आधी बाहेर पडे आणि पिंजरा मागून रिकामा फिरे. आज उलटं. दाराशी भिंतीवर फोन होता. त्यावरून फक्त चौकीला लागायचा. बाहेरून मात्र त्यावर फोन येऊ शकत असे, आणि आत मोबाइल चालत नसल्यानं केंद्राला तिनं तोच नंबर दिला होता.

"यालचिन, उघड ना. अडलंय."

"मला दिसतंय. दोघं आत आहेत म्हणतंय."

"अरे मग फिरव रिकामं!"

"माझ्या हातात काय ठेवलंय यांनी? बटणं होती तीसुद्धा काढून नेली. थांब, साहेबाला लावतो." बऱ्याच वेळानं तो परत आला. आवाज उतरला होता. "टिलमन म्हणतो, मोजण्यात यंत्रणा चुकत नाही. विचारतोय, तू कुणाला आत घेऊन गेलीस का?"

"त्याच्या आईला!"

यालचिन हसला नाही.

"आंके, खरं सांग. कुणी आहे का आत?"

ती मागच्या आपत्कालीन दाराकडे धावली. दांडा दाबल्यावर दार बोटभर सरकलं आणि थडकलं. पलीकडे पाण्याची टाकी होती. वसंतात आणलेली, दोन आठवड्यांपुरती म्हणून, तिथेच टेकवून ठेवलेली. तिनं तीनदा लेखी कळवलं होतं. आता तिनं खांदा लावला, लाथा मारल्या, टिलमनच्या सात पिढ्या काढल्या. टाकी हलली नाही.

परत आली तर पिंजरा उघडा होता.

ती आत शिरली. काच बंद झाली नाही. खालून फरशी किंचित दबली, जणू तिच्या मागोमाग कुणीतरी पाऊल ठेवलं. मानेवर कोमट हवा लागली. बाईचा मवाळ यांत्रिक आवाज आला, "कृपया एका वेळी एकच व्यक्ती."

आंके बाहेर पडली. पाठ भिंतीला लावली.

दालनाच्या पार टोकाची रांग उजळली. मग अलीकडची. मग त्याच्या अलीकडची. घाई नव्हती. रस्ता पाठ असलेल्या माणसाच्या चालीनं उजेड तिच्याकडे येत होता.

शेवटचा दिवा तिच्या डोक्यावर लागला. समोर कुणी नव्हतं.

पिंजऱ्याची काच रिकाम्या जागेवर बंद झाली. वजनाचा आकडा हिरवा उमटला. रोज सकाळी तिचा उमटे, तोच.

पिंजरा फिरला.

भिंतीवर लोंबत राहिलेल्या फोनमधून यालचिनचा आवाज आला, पण तो तिच्याशी बोलत नव्हता. टेबलापलीकडे बोलत होता.

"आलीस बाई एकदाची! काय घाबरवलंस गं. जा पळ, बाप वाट बघत असेल."

"यालचिन! मी आत आहे! यालचिन!"

"हा फोन कुणी चालू ठेवला?" तो म्हणाला. खट्.

पट्टीवर नवी अक्षरं आली: *दालन रिकामे.*

तिनं काचेवर मुठी आपटल्या. हात वर करून नाचली, दिवा लागावा म्हणून. दिवे एकेक करून विझले. तिच्या डोक्यावरचाही.

तिनं पुन्हा पुन्हा चौकीला फोन लावला. तिकडे तो वाजत राहिला, कुणी उचलला नाही. किती वेळ गेला कळेना. ती दाराशी खाली बसली होती. अंधारात पाणी वाहत होतं.

फोन वाजला. तिनं झडप घातली.

"हेल्विगबाई? कोल्ब बोलतेय." मागे खुर्च्या सरकवल्याचे आवाज. "तुमचा मोबाइल लागेना म्हणून इथं केला. बाबांची टोपी राहिली हो. पण काय सांगू, आज आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दीड वर्ष झालं, ते तुम्हाला नर्सबाई म्हणतात. आणि आज दारात तुम्हाला बघितलं नि चक्क नावानं..."

"कोल्बबाई, ऐका! ती मी नाही. मी कंपनीत अडकलेय. बाबांना तिच्याबरोबर—"

"अगबाई, आलात का परत? ही घ्या टोपी." बाईंचा आवाज फोनपासून लांब गेला आणि बावरून जवळ आला. "मग... फोनवर कोण आहे?"

आंकेनं फोन कानाशी घट्ट दाबला. पलीकडून तिला स्वतःचा आवाज ऐकू आला. दिवसभराच्या कामानं दमलेला, सभ्य.

"कंपनीतलं कुणीतरी असेल. ठेवा तुम्ही."

आणि त्यामागे, अगदी स्पष्ट, तिच्या वडिलांचा: "आंके, चल गं. घरी जाऊ."