कोणीतरी बघतंय

विश्वास ठेवायचा की नाही, तुमचं तुम्ही ठरवा. पण यातला शब्दन् शब्द खरा आहे. गेल्या महिन्यातला रविवार, दुपारचे तीन, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या चुलतभावाच्या दोन खोल्या.

दादा एक्स-रे टेक्निशियन. दिवसभर लोकांची हाडं बघणारा माणूस. भुताचं नाव काढलं की हसायचा.

वहिनी जाऊन दहा महिने झाले होते. तिचे हजारभर फोटो आणि व्हिडिओ ऑनलाइन साठवलेले होते, पण ते उघडायचा दादाला धीर होत नव्हता. शेवटी हॉस्पिटलमधल्या एका सहकाऱ्याने त्याच्या ब्राउझरमध्ये एक एक्स्टेंशन टाकून दिलं.

"क्लिकसुद्धा करू नका. माउसचा बाण नुसता फोटोवर न्या, फोटो मोठा होतो. व्हिडिओ असला तर आपोआप सुरू."

दादाने बाण पहिल्याच व्हिडिओवर नेला.

स्वयंपाकघर. वहिनी ओट्यापाशी कपबश्या पुसत होती. व्हिडिओ दादानेच काढलेला. ती हसली...

आणि हसता हसता थांबली.

कॅमेऱ्याच्या पलीकडे बघत म्हणाली, "अहो, तिथे कोण आहे?"

हे ती तेव्हा बोललीच नव्हती!

"कोणी नाही गं," कॅमेऱ्यामागून आवाज आला. दादाचाच. दोन वर्षांपूर्वीचा.

त्याने बाण बाजूला घेतला. पुन्हा नेला.

ओटा. कपबश्या. नळाची टपटप...

वहिनी नव्हती.

पुढचा फोटो बागेतला. बाकावर वहिनी, चेहरा पांढराफटक. बाण हलला, परत आला...

रिकामा बाक.

तुम्ही म्हणाल, बंद करायचं ना मग! अहो, दहा महिन्यांनी बायको दिसत होती. कोणाचा हात थांबेल? तो एकेक फोटो उघडत गेला आणि एकेक फोटो रिकामा होत गेला.

"अगं, मी आहे! मीच बघतोय!" तो लॅपटॉपसमोर ओरडला. त्यासरशी फोटोतली वहिनी भिंतीला चिकटली.

शेवटचा व्हिडिओ सहलीतल्या हॉटेलच्या खोलीतला.

"मला भीती वाटतेय हो. तो अजून बघतोय."

"चल," दादाचा जुना आवाज म्हणाला. "त्याला दिसणार नाही अशा ठिकाणी जाऊ."

पावलं वाजली... दोघांची.

मग दाराची कडी.

संध्याकाळी दादाने मला बोलावून घेतलं. एक्स्टेंशन काढून टाकलं होतं. काही उपयोग नव्हता. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. घरच्या सगळ्यांच्या फोटोत आम्ही रांगेत उभे होतो, आणि मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा.

"तिने मला ओळखलं नाही रे," दादा म्हणाला. "आणि तिला घेऊन गेलो तोही मीच."

दादा आता कामावर जातो, घरी येतो आणि त्या रिकाम्या खोलीचा व्हिडिओ लावून बसतो. जेव म्हटलं तर जेवतो. हसत नाही.

माझ्या मोबाइलमध्ये वहिनीचा एक फोटो आहे. आमच्या गॅलरीत काढलेला. दादाला कुठून कळलं कोण जाणे, रोज फोन करतो. "एकदाच दाखव. लांबून बघतो."

मी अजून तो उघडलेला नाही. यादीत नखाएवढा दिसतो, तेवढाच. त्यात ती समोर बघत उभी होती, हे मला पक्कं आठवतं.

आज सकाळी पाहिलं...

तिची पाठ दिसतेय.